लिंबच्या विहिरीवरील पहिला लेख

आजोबांकडून ऐकलेली माहिती विकिपीडियावरील लेखात चालेल का, असे आपण विचारले आहे. ती तशीच चालणार नाही, कारण तेथे प्रत्येक विधानाला छापील किंवा अन्य प्रकाशित आधार द्यावा लागतो. मात्र साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर हा विषय आपण उत्तम निवडला आहे. विहिरीवर शिलालेख आहे, आणि शके १६४१ ते १६४६ हा बांधकामाचा काळ देताना त्यात ७८ मिळवून इ.स. १७१९ ते १७२४ असेही लिहावे, म्हणजे वाचकाचा घोटाळा होत नाही. (माझा पहिल्या लेखात झाला होता.) ‘अप्रतिम’, ‘भव्यदिव्य’ ही विशेषणे गाळून अष्टकोनी आकार, मोटांची जागा यांचे साधे वर्णन करावे. त्याआधी ‘बारामोटेची विहीर’ असेही शोधून पाहावे. लेख आधीच असेल तर त्यातच भर घालावी. कच्चा मजकूर धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरील सरावाच्या पानावर, लिहिलात, तर मी तपासून देईन.