जुन्या मठांच्या छायाचित्रांत आकाश कोरे का दिसते?

टिळकवाडी, बेळगाव
आमच्या वाचनालयात जुन्या वास्तूंच्या छायाचित्रांचे छोटे प्रदर्शन भरवायचे आहे. किल्ल्यातील कमल बस्ती या देवळाच्या जुन्या चित्रांशेजारी इंग्लंडमधील भग्न ख्रिस्ती मठांची १८५० च्या दशकातील चित्रे लावावीत, असा विचार आहे. इंग्रज छायाचित्रकार रॉजर फेंटन यांनी टिपलेला तिथला रीव्हो मठ पाहताना शंका आली. आकाश कोरे पांढरे आहे, भिंतीवरची वेल मात्र काळीकुट्ट. हा छाप जुना झाल्याचा परिणाम, की मुळातच तसे होते?

निपाणी
मुळातच तसे होते. त्या काळची चांदीच्या क्षारांची रसायने निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देत, हिरव्या-तांबड्याला मात्र जवळजवळ दाद देत नसत. त्यामुळे कमानीचे कोरीव काम उमटेपर्यंत उजेड द्यावा, तर तोवर आकाशाची निगेटिव्ह पार काळी होऊन ते छापात कोरे उतरे आणि पाला अंधारात बुडे. काही छायाचित्रकार ढग दुसऱ्या निगेटिव्हवरून वेगळे छापत.

इंग्लंडचा राजा हेन्री आठवा याने १५३६ ते १५४० दरम्यान हे मठ बंद केले आणि अनेकांच्या छपरांवरचे शिसेही काढून नेले गेले. कॅमेऱ्याला ते फायद्याचेच ठरले म्हणा, कारण छप्पर नसलेल्या सभागृहात थेट तळखड्यापर्यंत ऊन पोहोचते. आपल्या बस्तीच्या मंडपात, छतावरच्या त्या लोंबत्या कमळाखाली, भर दुपारीही अंधूक असते; त्या साधनांनी ते टिपणे फार अवघड. तुमच्या फलकावर हा फरक अवश्य यावा.

खानापूर
वरील उत्तराला एक जोड. त्या काळी निगेटिव्हसाठी कोलोडियन या चिकट द्रावाचा लेप दिलेली काच वापरत; ती ओली असतानाच उजेडाला उघडून लगेच धुवावी लागे, म्हणून अंधारी राहुटी सोबत न्यावी लागे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती काच किती वेळ ओली राहणार? कागदी निगेटिव्ह आधी तयार करून नेता येई. मुंबई सरकारने १८५५ मध्ये वास्तूंच्या छायाचित्रणासाठी नेमलेले तोफखान्याचे कॅप्टन थॉमस बिग्ज यांनी विजापूर, बदामी आणि ऐहोळे येथे कागदीच वापरली.

मात्र दोन्ही चित्रे समकालीन आहेत, असे लिहू नये. बस्तीचे चित्र पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस यांच्या बेळगाव व कलादगी जिल्ह्यांच्या पाहणीतले असेल, तर ती पाहणी १८७४ ची आहे. शिवाय १२०४ मधील कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, मठ नव्हे. मूळ छाप हाती आला, तर तिरप्या उजेडात धरून पाहा: चकाकी असल्यास तो बहुधा अल्ब्युमेन (अंड्यातील पांढऱ्याचा लेप दिलेला) कागद, चित्र कागदाच्या धाग्यांत मुरल्यासारखे आणि निस्तेज दिसल्यास मिठाच्या कागदावरचा (मिठाच्या पाण्यात भिजवून तयार केलेल्या कागदावरचा) जुना छाप.