संमतीपत्रावर सही कोणाची असावी, रुग्णाची की मुलाची?

तासगावकर (चर्चाप्रस्ताव)

आईच्या पित्ताशयातील खडे काढण्यासाठी आम्ही मिरजेला गेलो होतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली, तेव्हा ही तक्रार कोणाच्या कौशल्याविषयी नाही. आईला गाऊन घालून स्ट्रेचरवर घेतल्यानंतर चार पानी इंग्रजी संमतीपत्र माझ्यापुढे आले आणि फुल्या मारलेल्या तीन ठिकाणी मी सही केली. मोबाईलवर काढलेले त्याचे फोटो घरी येऊन वाचले, तेव्हा समजले की दुर्बिणीने जमले नाही तर पोट उघडण्यास मी आईच्या वतीने होकार दिला होता आणि पित्तनलिकेला इजा होण्याची शक्यताही मान्य केली होती. आई चौथी शिकलेली आहे, पण डेअरीचा दहा दिवसांचा हिशेब तोंडी करते. तिला कोणी एक वाक्य विचारले नाही, मीही नाही. माझ्या मते संमती रुग्णाचीच, त्याला कळणाऱ्या भाषेत आणि दाखल होण्यापूर्वी ओपीडीतच घेतली पाहिजे. थिएटरच्या दारात मुलाने केलेल्या सहीला मी कुरिअरच्या पोचपावतीपेक्षा अधिक किंमत देणार नाही.

शल्यचिकित्सक, सांगली

आपला त्रागा समजू शकतो, पण माझ्या खुर्चीवरून चित्र वेगळे दिसते. कर्नाटक सीमेकडच्या जत, अथणी, कागवाडकडून रुग्ण येतो तेव्हा त्याच्यामागे चार नातेवाईक असतात आणि त्यांचे पहिले वाक्य ‘पेशंटला काही सांगू नका, घाबरतील’ हेच असते. पित्तनलिकेच्या इजेचे प्रमाण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत साधारण हजारात तीन ते पाच आहे. परंतु ऐकणारा ‘हजारात’ विसरतो आणि ‘इजा’ लक्षात ठेवतो. माझे एक रुग्ण हे ऐकून उठून गेले, खडे विरघळवण्याच्या पुड्या घेत राहिले आणि स्वादुपिंडाला सूज आल्यावर थेट अतिदक्षता विभागात परत आले. रुग्णाच्या संमतीविषयीच्या समीरा कोहली प्रकरणात, जानेवारी २००८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे की दूरचे, केवळ तात्त्विक धोके सांगण्याची गरज नाही, कारण भीतीपोटी रुग्ण आवश्यक उपचार नाकारू शकतो. सर्व काही सांगण्याचा अमेरिकी निकष आपल्याकडच्या परिस्थितीत लागू करण्यास त्या निकालाने नकार दिला आहे.

सातारकर

डॉक्टरांशी सहमत. आमच्या अण्णांना बायपासपूर्वी सगळे सांगितले असते तर ते त्याच रात्री एसटी धरून घरी आले असते. आज ते यवतेश्वरचा चढ चढतात.

परिचारिका, कराड

डॉक्टरसाहेबांनी निकाल अर्धाच सांगितला. त्यातील रुग्ण ४४ वर्षांची अविवाहित स्त्री होती. केवळ तपासणीच्या दुर्बिणीसाठी तिला भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईचा होकार घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. न्यायालय म्हणाले की रुग्ण सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. म्हणून आईची संमती ग्राह्य नाही आणि तपासणीची संमती उपचाराला लागू होत नाही. आपण सांगितलेल्या वाक्याला लागूनच दुसरे वाक्यही आहे: उपचार नाकारल्यास उद्भवू शकणारे दूरचे धोके सांगून रुग्णाला अनावश्यक उपचाराकडे वळवणेही गरजेचे नाही. ‘पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल’ हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकले, याची मोजदाद नाही. आपल्या कारखान्यांवर उसतोडीला येणाऱ्या बीडकडच्या बायकांच्या अशा शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. रुग्ण घाबरेल ही चिंता पित्ताशयाच्या वेळी वाटते, मग पिशवीच्या वेळी ती कोठे जाते?

शल्यचिकित्सक, सांगली

पिशवीबद्दल आपल्याशी वाद नाही. तो आमच्या व्यवसायाला लागलेला डाग आहे. परंतु नातेवाइकांच्या सहीची प्रथा हवेतून आलेली नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांतच लेखी संमती देणाऱ्यांत पती किंवा पत्नीचा उल्लेख आधी येतो, मग अल्पवयीन रुग्णाच्या पालकांचा, आणि ‘स्वतः रुग्ण’ शेवटी. शिवाय स्पष्टच लिहितो, काही बिघडले तर काचा फोडायला रुग्ण येत नाही, त्याचा मुलगा येतो. म्हणून मुलाची सही घेतो.

तासगावकर

शेवटचे वाक्य आपण आधी लिहिले असते तर निम्मी चर्चा वाचली असती. याचा अर्थ तो कागद आईसाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. तसे असेल तर माझी सही साक्षीदार म्हणून जरूर घ्या, पण आईचा होकार आदल्या भेटीत, मराठीत किंवा तिकडच्या रुग्णाला कन्नडमध्ये समजावून वेगळा घ्या. सातारकर, अण्णांना विचारून पाहा. मी काल आईला विचारले. पोट उघडावे लागले असते तर मुक्काम वाढला असता आणि पुढे बरेच दिवस वजन उचलता आले नसते, हे सांगितल्यावर ती मुळीच घाबरली नाही. म्हणाली, “आधी बोलला असतास तर म्हशीची धार काढायला बाई बघून गेले असते की.”