मदत हवी आहे: मुस्लिम जमातीच्या बैतुलमालमध्ये (सामाईक मदतनिधीत) लोकांनी जकात (दरवर्षीचं बंधनकारक दान) द्यावी म्हणून काय करावं?

खाडीकाठ: रमजान तोंडावर आलाय, लवकर सांगा. लोक जकात काढतात, पण आमच्याकडे देत नाहीत. दारावर येईल त्याला पन्नास-शंभर देऊन मोकळे होतात. त्यात कुणाचंच भागत नाही. पैसे एकत्र आले तर एखाद्या बेवा (विधवा) बाईला शिलाई मशीन घेता येईल, पोरांच्या फिया भरता येतील. पोस्टर, व्हॉट्सॲप, सगळं करून झालं.

समीना_पुणे: ट्रस्ट नोंदलेला आहे का? हिशेब कुठे लावता?

खाडीकाठ: नोंदणी आहे. हिशेब मागेल त्याला दाखवतो.

समीना_पुणे: भाई, मागायला लोक लाजतात. जुम्याला (शुक्रवारी) मशिदीच्या फलकावर लावा. घेणाऱ्यांची नावं नकोत, रक्कम आणि कारण पुरे. आणि जकातीचं खातं वेगळं आहे का? जकात मशिदीच्या बांधकामाला चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकाच खात्यात सगळं दिसलं की हात आखडतो.

मुंब्रेकर: ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता) घ्या, पावती मिळाली की लोक आपोआप देतील.

रफिक_व: एकाच धर्माच्या लोकांसाठी असलेल्या संस्थेला ८०जी मिळत नाही. मलेशियात भरलेली जकात थेट आयकरातून वजा होते, आपल्याकडे तसं नाही.

अब्दुल_चाचा: संस्था कशाला मध्ये? आधी गरीब नातेवाईक. माझी जकात मी स्वतःच्या हातानं देतो, मनाला समाधान मिळतं.

समीना_पुणे: चाचा, नातेवाइकांना जरूर द्या. पण कुराणातल्या सूरह तौबात जकातीचे आठ हकदार सांगितलेत, त्यात वसूल करणारेही आहेत. पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांच्या काळात तर खिलाफतच, म्हणजे सरकारच, वसूल करायची. ज्याचा कुणी श्रीमंत नातेवाईक नाही, त्यानं कुठे जायचं?

नूर_के: सोन्याचा निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) ८७.४८ ग्रॅम धरा. अंगावरच्या दागिन्यांवर शाफई पंथात जकात नाही, हनफी पंथात आहे.

रफिक_व: ताई, प्रश्न तो नाही. खाडीकाठ, वसुलीवाल्यांना टक्केवारी देता का? आणि पैसे रमजानमध्येच वाटता की ठेवता?

खाडीकाठ: टक्केवारी नाही. थोडे ठेवतो, फिया जूनमध्ये भरायच्या असतात. खातं एकच आहे.

रफिक_व: मग उद्याच बँकेत जा. ठेवलेले पैसे किती आणि कशासाठी, तेही फलकावर लिहा. पोस्टर नंतर.