रोजची चिंता आणि प्रार्थना: तुम्ही नेमकं काय करता?

मोठं संकट आलं की प्रार्थना आपसूक होते. पण नोकरी टिकेल का, मुलांचं कसं होईल, अमक्याने फोन का उचलला नाही, असल्या रोजच्या भुणभुणीपुढे भले भले विश्वासणारे हात टेकतात. साक्षी, म्हणजे देवाने काय केलं त्याचे अनुभव, इतरत्र भरपूर होतात. इथे फक्त पद्धत लिहा: बायबलमधलं वचन कोणतं, वेळ किती, घोडं कुठे अडतं.

*

फिलिप्पैकरांच्या पत्रातल्या ४:६ (अध्याय ४, वचन ६) पासूनच सुरुवात करू. चिंता करू नका, एवढंच सगळ्यांना पाठ असतं. पुढे पत्र लिहिणारा प्रेषित पौल काय करायचं तेही सांगतो: प्रार्थना, विनंती, आभार आणि मागणी देवाला कळवणं. गाडी बहुधा मागणीपाशीच अडते, कारण ती मोघम असते. "देवा, सगळं ठीक कर" यात सोपवण्यासारखं काही हातात येतच नाही. एका वाक्यात लिहा: काय, कधी, आणि भीती कशाची. उदाहरणार्थ, "गुरुवारी तपासणीचा रिपोर्ट येणार आहे आणि त्यात काही गंभीर निघेल अशी धास्ती वाटते."

आभारही शक्यतो त्याच विषयातून शोधा. तपासणी वेळेत झाली, सोबत कोणी आलं, एवढंही पुरतं. सूर्यचंद्राबद्दल आभार मानून मूळ विषय टाळता येतो, म्हणून हे सांगतोय.

आणि सातव्या वचनात मागणी मान्य होईल असं आश्वासन नाही. देवाची शांती अंतःकरण आणि विचार राखील, असं आहे. पौल हे बंदिवासातून लिहितो. आठव्या-नवव्या वचनात मन कशावर लावायचं आणि काय आचरायचं तेही दिलंय. बरेच जण सातव्यालाच पुस्तक मिटतात.

*

वरच्याला जोडून. सगळ्यात जास्त फसगत होते ती डोळे मिटून चिंताच करण्यात. तेच वाक्य वीस मिनिटं घोळवायचं, मध्ये मध्ये "प्रभू" म्हणायचं, आणि उठताना छातीवरचं ओझं दुप्पट. ओळखायची खूण सोपी आहे: प्रार्थनेत नवी नवी "समजा असं झालं तर" सुचायला लागली की थांबायचं.

मग कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे आज माझ्या हातात असलेलं, उजवीकडे नसलेलं. डावीकडचं एकच काम निवडून त्याला वेळ द्या: अकरा वाजता बँकेत फोन. उजवीकडचं एकेक मोठ्याने वाचून, नाव घेऊन सोपवा. १ पेत्र ५:७ त्यासाठीच आहे. लगेच पुढच्या वचनात सावध राहा, जागे राहा असं सांगितलंय. म्हणजे चिंता टाकली म्हणून फोन टाळायची मुभा मिळत नाही.

*

मत्तय ६ चा आधार घेऊन "पाखरं पेरत नाहीत, मग नियोजन कशाला" म्हणणारे भेटतात. तिथे कामाला मनाई नाही, उद्याचं ओझं आज उचलायला आहे. त्याच अध्यायातल्या प्रभूच्या प्रार्थनेत ("आमच्या बापा") भाकर मागितली आहे ती रोजची. त्यामुळे सकाळच्या प्रार्थनेची हद्द आज रात्रीपर्यंतच ठेवा. पुढच्या महिन्याची फी हा आजचा विषय नाही. तिची चौकशी करणं हा असू शकतो.

*

आभाराची घाई करू नका, एवढंच माझं म्हणणं. स्तोत्र १३ उघडा, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत सरळ तक्रार, "कोठवर?" पुन्हा पुन्हा. पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. याच साच्यात स्वतःची दोन-दोन वाक्यं लिहायची. तक्रार गाळून थेट भरवशावर उडी मारली की प्रार्थना गुळगुळीत होते आणि चिंता आत जशीच्या तशी राहते. भरवशाची वाक्यं सुचली नाहीत तर? स्तोत्र ८८ अंधारातच संपतं. तेही शास्त्रातच आहे.

*

रात्री तीन वाजता यातलं काही जमत नाही. तेव्हा शब्द कमी हवेत. श्वास घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता", सोडताना "माझ्यावर दया कर", आणि सोडणं घेण्यापेक्षा सावकाश. मोजत बसू नका, झोप येतेय का हेही तपासू नका. तपासणंच जागं ठेवतं. अर्ध्या तासात डोळा लागला नाही तर उठून मंद दिव्यात खुर्चीत बसा. फोन दुसऱ्या खोलीत. आठवलेली कामं उशाच्या वहीत लिहून टाका, नाहीतर ती आमेननंतरही रांग लावून उभी असतात.

जपमाळ (कॅथलिकांची रोझरी) करणाऱ्यांनी पाच दशकांना, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या गटांना, पाच काळज्या वाटून घ्याव्यात. एका दशकात एकच: एक "आमच्या बापा", दहा "नमो मरिया". मन भरकटलं तर मणी बोटाखाली असतोच, तिथून पुढे.

*

जपमाळ न करणाऱ्यांसाठी स्तोत्र १३६. सव्वीस वचनं, प्रत्येकात "त्याची दया सनातन आहे". मोठ्याने वाचा, मनातल्या मनात वाचलं की नजर पुढे पळते.

*

"विश्वास कमी म्हणून चिंता" हे वाक्य कृपया कोणाला ऐकवू नका. सहा महिने किंवा त्याहून जास्त, बहुतेक दिवस चिंता आवरतच नसेल, झोप, एकाग्रता, काम बिघडत असेल, तर डॉक्टरकडे जायला हवं. छातीत दुखणं किंवा जीव नकोसा वाटणं असेल तर त्याच दिवशी. १ राजे १९ वाचा. संदेष्टा एलीया मरण मागतो, आणि देव त्याला आधी झोपू देतो. दूत येतो तो भाकर आणि पाणी घेऊन, तेही दोनदा. "तू येथे काय करतोस?" हा प्रश्न त्यानंतरचा. गोळी चालू असताना प्रार्थना करायला काहीच हरकत नाही. प्रार्थनेने बरं वाटलं म्हणून गोळी परस्पर बंद करण्याला मात्र आहे.

*

मंडळीत (चर्चमध्ये) प्रार्थनाविनंती देताना एकच वाक्य द्या आणि ते कुठवर जाऊ द्यायचं तेही सांगा. ऐकणाऱ्याने सल्ला न देता तिथल्या तिथे प्रार्थना करावी. "आठवण ठेवीन" म्हटलं की बहुधा विसरतं. दुसऱ्याचं नाव घेऊन विनंती टाकायची तर आधी त्याला विचारा. प्रार्थनेच्या नावाखाली चुगल्या फार होतात. गलती ६:२ एकमेकांची ओझी वाहायला सांगतं आणि ६:५ प्रत्येकाने आपला भार वाहावा म्हणतं. बिल भरायचं काम मंडळीचं नाही, भरेपर्यंत सोबत बसायचं आहे.

*

शब्दच फुटत नसतील तर रोमकरांस ८:२६: आत्मा स्वतः मध्यस्थी करतो. पाच मिनिटं गप्प बसा आणि शेवटी "आमच्या बापा" म्हणा, प्रत्येक मागणीनंतर एक श्वास थांबून. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" पाशी घसा अडकला तर तिथेच थांबा, उरलेली संध्याकाळी म्हणा.