११ दिवसांचं लेकरू आणि ४३ अंश ऊन. पाणी पाजावं का? मदत हवी आहे

बाळंतपणाला माहेरी आलेय, अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यात. मुलगी झाली, आज ११ दिवसांची आहे. जन्मली तेव्हा वजन २ किलो ४००. सातव्या दिवशी आशाताई घरी आल्या, झोळीच्या काट्यावर वजन केलं तर २ किलो २००. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

घर पत्र्याचं. दुपारी लाइट जाते ती चारलाच येते. लेकरू किरकिर करतं, ओठ सुकल्यासारखे दिसतात. आजी म्हणायली, "दूध म्हणजे जेवण झालं, तहान कशानं भागंल? दोन चमचे पाणी पाज." गुटीसोबत मधाचं बोट चाटवायचंही ठरलंय. दवाखान्यातून सुटी देताना सिस्टर म्हणाल्या होत्या, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको. आजीला ते पटत नाही. तिच्या मते त्यांनी आपल्याकडचा मे महिना बघितलेला नाही.

आजीवर चिडावं तर तेही होत नाही. तिचं पहिलं लेकरू असंच उन्हाळ्यात गेलं, महिन्याचं होतं, हगवण लागली होती. "जीभ कोरडी पडली होती माय," एवढंच बोलते आणि गप्प होते.

मला दूध पुरेसं येतं की नाही हेही कळत नाही. छातीला चिरा पडल्यात, पाजताना डोळ्यांत पाणी येतं. मलाही पाणी मोजूनच देतात, पोट सुटेल म्हणून. संध्याकाळी बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी. नवरा चाकणला कंपनीत, फोनवर म्हणतो डॉक्टर सांगतील तसं कर. पण घरात मी एकटी आहे ना. कुणी या सगळ्यातून गेलं असेल तर सांगा.

जिंतूरची दोन लेकरांची आई: माझा थोरला एप्रिलचा. माझ्या सासूबाईंनी मी झोपलेली बघून पाणी पाजलं होतं, मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर तो नीट ओढायचाच बंद झाला होता. पोट पाण्यानं भरलं तर लेकरू दूध कशाला मागेल? शेगडी आधी बंद करा बाई. या उन्हात कशाचा शेक? आणि बंद खोलीत गोवऱ्यांचा धूर तुमच्याबी छातीत जातो अन् लेकराच्याबी.

उपकेंद्रातली सिस्टर: ताई, अंगावरच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तहान त्यातच भागते. दुपारी दर दीड-दोन तासांनी पाजा, झोपली असेल तर तळपाय चोळून उठवा. मध अजिबात नको, वर्षाच्या आत मधातून जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

वजनाचं सांगते. सुरुवातीला १० टक्क्यांपर्यंत वजन उतरतं, तुमच्या बाळाचं ८ टक्के उतरलंय. पण सातव्या दिवशी ते परत चढायला लागायला हवं होतं, त्यात बाळ २ किलो ५०० च्या आतलं. म्हणून आशाताईंच्या चौदाव्या दिवसाच्या भेटीची वाट बघू नका, उद्या सकाळीच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. चिरा पडल्यात म्हणजे बाळ नुसतं टोक धरतंय. काळा भागही तोंडात जायला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. तिथल्या सिस्टरना समोर बसून पाजून दाखवा.

दिवसातून सहा तरी लंगोट ओले व्हायला पाहिजेत. बाळ ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, तळहात-तळपाय पिवळे दिसले, छाती आत ओढली जायला लागली, तर रात्र असली तरी १०२ ला फोन करा, गाडी मोफत येते. आणि तुम्ही तहान लागेल तेवढं पाणी प्या. त्यानं पोट सुटत नाही.

आजींबद्दल एक वाटतं. हगवण बहुतेक वेळा वरच्या पाण्यातून, न उकळलेल्या वाटी-चमच्यातून येते. पण हे त्यांना तोंडावर सांगू नका. इतक्या वर्षांनी तो ओझ्याचा दगड त्यांच्या गळ्यात कशाला बांधायचा? त्यांना लंगोट मोजायला सांगा. त्यांना बाळ कोरडं पडत नाही ना, हेच तर बघायचंय.

धागाकर्ती (चार दिवसांनी): बाराव्या दिवशी नेलं. तिथल्या काट्यावर २ किलो २६०. सिस्टरनी बाळाला कुशीत कसं धरायचं ते दाखवलं, दोन वेळा माझ्याकडून करून घेतलं. चिरांना पाजून झाल्यावर अंगावरचंच दूध लावायला सांगितलं, आता बरंच कमी आहे. काल त्याच काट्यावर २ किलो ३२०. अजून जन्माच्या वजनाला आलेली नाही, एकविसाव्या दिवशी परत बघायचंय.

शेगडी बंद झाली. दुपारी बाळाला नुसतं सुती झबलं, आणि आईनं खिडकीला ओलं पोतं बांधलंय. माझ्या उशाशी आता तांब्या भरलेला असतो.

आजीला मोजता येतं पण लिहिता येत नाही. ती ओल्या लंगोटामागं वाटीत एक ज्वारीचा दाणा टाकते. काल दिवस मावळायच्या आत सात दाणे झाले, मग रात्री अजून दोन. पाण्याचं नाव तिनं परवापासून काढलेलं नाही. गुटीचं अजून डोक्यात आहे. मध वगळून नुसती उगाळून दिली तर चालेल का, असं विचारायली. सिस्टर, याचं उत्तर द्याल का? मी तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवते.

उपकेंद्रातली सिस्टर: गुटीही नको. सहाणेवरचं पाणी आणि हात, दोन्हीतून जंतू जातात. आजींना सांगा, सहा महिने पूर्ण झाले की पहिला घास त्यांच्याच हातचा, ज्वारीची घट्टसर पेज किंवा वरणभात मऊ कुस्करून. आणि दीड महिन्याची लस चुकवू नका, त्या दिवशी वजनही होईल.