होज क्लिप, जुबली की क्लॅम्प? (आणि ती 'आवळायची' की 'कसायची'?)

शेवाळग्रस्त:
पावसाआधी गच्ची आणि कंपाउंडची भिंत धुवायला प्रेशर वॉशर घेतलाय. टाकीतनं पाणी ओढणारा पाइप मशीनच्या निपलवर (पाणी आत घेणाऱ्या तोंडावर) धरून ठेवायला ती स्क्रूवाली गोल पट्टी हवी होती. दुकानात 'पाइप क्लॅम्प' मागितला तर त्याने पाइप भिंतीला ठोकायचे क्लॅम्प पुढे केले. हाताने गोल करून दाखवलं तेव्हा म्हणाला, 'अहो मग जुबली म्हणा ना!' तर हा जुबली शब्द कुठून आला, मराठीत ह्याला काही नाव आहे का, आणि घेताना साइज नक्की कशाचा सांगायचा?

गॅरेजवाला:
जुबली हे ब्रँडचं नाव आहे हो. इंग्लंडमधला लमली रॉबिन्सन म्हणून नौदलातला कमांडर होता, त्याने १९२१ साली पेटंट घेतलं आणि 'ज्युबिली क्लिप' नावाने विकायला लागला. पुढे कुठल्याही कंपनीची असली तरी ती जुबलीच, वनस्पती तुपाला सगळे डालडा म्हणायचे तसं. गॅरेजात जुबली किंवा होज क्लिप म्हणा, लगेच कळतं. प्लंबिंगच्या दुकानात मात्र क्लॅम्प म्हटलं की भिंतीवरचाच, त्यामुळे तुमचा दुकानदार चुकला असं काही नाही.

शब्दवेडी:
मराठी नाव हवंच असेल तर मी 'आवळपट्टी' सुचवेन, बोलायला सोपा आणि काम काय ते सांगणारा. (मागे कुणीतरी 'नलिकाबंध' सुचवलं होतं, ते ऐकून दुकानदार औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवेल.)
क्रियापदाचं म्हणाल तर माझ्या मते इथे आवळणेच योग्य. जे भोवती असतं आणि लहान होत जातं ते आवळतं, म्हणजे गाठ, फास, पट्टी. कसतो तो पट्टा किंवा खाट, तिथे ताण महत्त्वाचा. आणि पिळतो तो स्क्रू. म्हणजे स्क्रू पिळला की पट्टी आवळते. घाईत सगळे 'टाइट कर' म्हणतात ते सोडा.

गॅरेजवाला:
आणि 'कचकून आवळ' म्हणणाऱ्या पोरापासून सावध राहा. पट्टीवर ज्या तिरक्या खाचा असतात त्यात स्क्रूचे आटे अडकतात, जास्त जोर दिला की खाच फाटते नाहीतर आटे जातात आणि मग स्क्रू नुसता गरागरा फिरतो. मऊ पाइप असेल तर त्या आरपार खाचांमधून रबर वर येतं आणि पाइप तिथेच चिरतो. अशा पाइपला खाचा आरपार नसलेली, आतून गुळगुळीत पट्टी मागा, थोडी महाग मिळते पण पाइप वाचतो. स्क्रूड्रायव्हर घसरून हातात घुसतो, त्यापेक्षा स्क्रूच्या डोक्याला षटकोन असतो, बऱ्याच क्लिपांना ७ मिमीचा, त्याला बॉक्स पाना लावा.

मोजपट्टी:
साइजचं राहिलंच की. पाइप 'अर्धा इंची' म्हणतात ते आतलं माप, क्लिपला लागतं बाहेरचं. अर्धा इंची ब्रेडेड (आत दोऱ्याची जाळी असलेला) पाइप जाडीप्रमाणे बाहेरून १७ ते २० मिमीच्या आसपास भरतो, म्हणून पाइप निपलवर चढवून वरून व्हर्नियर (जाडी मोजायची सरकती पट्टी) लावा, कारण चढवल्यावर तो अजून फुगतो. क्लिपवर १२-२०, १६-२७, २०-३२ असे आकडे ठोकलेले असतात, तुमचं माप साधारण मध्ये येईल अशी घ्या. १९ मिमीच्या पाइपला १६-२७ बसते. २०-३२ घेतलीत तर ती पूर्ण आवळूनही सैल राहील, आणि त्याहून मोठी घेऊन जबरदस्ती केली तर गोल न राहता अंडाकृती होते, वर शेपटी बाहेर राहते ती हाताला कापते ते वेगळंच.

खाऱ्यावारा:
आमच्याकडे कोकणात दोन पावसाळ्यांत झिंकवाल्या क्लिपांचा गंजून भुगा होतो. 'स्टेनलेस आहे' म्हणून देतात त्यात पण गोम आहे, बऱ्याचदा पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा लोखंडी. चांगल्या क्लिपांवर डब्ल्यू १, डब्ल्यू २, डब्ल्यू ४, डब्ल्यू ५ असं लिहिलेलं असतं: १ म्हणजे सगळं झिंक चढवलेलं लोखंड, २ म्हणजे पट्टी स्टेनलेस पण स्क्रू झिंकचा, ४ म्हणजे स्क्रूसकट सगळं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस, ५ म्हणजे ३१६ ग्रेडचं. शिक्का नसेल तर लोहचुंबक स्क्रूला लावून बघा, कडक चिकटला तर तो ३०४ नाही. आणि शेवाळ मारायला ब्लीचिंगचं पाणी वापरत असाल तर काम झाल्यावर क्लिपवर साधं पाणी मारा, ब्लीच स्टेनलेसलासुद्धा खड्डे पाडतं.

शेवाळग्रस्त:
वा, मग एक डझन घेऊन टाकतो, फवारा मारायच्या गनकडच्या पाइपलाही लावतो. तिथे जॉइंटला थेंब थेंब गळतंय.

गॅरेजवाला:
अहो थांबा!! गनच्या बाजूला जुबली अजिबात नाही. चार मजली इमारतीवरची टाकी म्हणजे बारा मीटरच्या आसपास उंची, खालच्या नळाला सव्वा बारच्या आत प्रेशर, कारण दहा मीटर पाण्याला साधारण एक बार. तुमचं मशीन शंभर बारच्या पुढे फेकतं, म्हणजे एक किलोमीटर उंच टाकी डोक्यावर. तिथे पट्टी काय धरणार, पाइप सुटून सापासारखा फणा काढतो. त्या बाजूला टोकाला फेरूल (धातूची कडी) प्रेस केलेला, आत तारेची जाळी असलेला पाइपच लागतो, हायड्रॉलिक पाइप प्रेस करून देणारी दुकानं एमआयडीसीच्या आसपास असतात तिथे करून मिळतो. आणि त्या गळणाऱ्या जागी बोट धरून बघू नका. बारीक धार कातडीतून आत जाते, वरून टोचल्यासारखं दिसतं पण आत नुकसान मोठं असतं, लागलीच तर थेट हॉस्पिटल गाठायचं.
थोडक्यात जुबलीची हद्द नळापासून मशीनच्या तोंडापर्यंत, फार तर साबणाच्या बारीक नळीला छोटी.

शब्दवेडी:
म्हणून मी म्हणते 'गळत नाही म्हणजे झालं' हे सगळीकडे चालत नाही. टाकीतून ओढणाऱ्या बाजूला पाणी बाहेर येतच नाही, हवा आत जाते. आमच्या शेतावर म्हणतात 'पंप एअर घेतोय' किंवा 'पाणी तुटतंय', किती नेमकं आहे बघा, पाणी पडत नाही, तुटतं!

विहिरीवरचा:
बरोबर, आणि ओळखायचं कसं तर आवाजावरून. पंप खडखडायला लागतो, धार मध्येच बसते, परत उसळते. अशा वेळी ओढणाऱ्या जॉइंटवर साबणाचा दाट फेस फासा. जिथे हवा घेतोय तिथे फेस आत खेचला जातो, खळी पडल्यासारखं दिसतं. मशीन असंच चालवत राहिलात तर पंपाचं सील आणि व्हॉल्व्ह जातात, क्लिप पन्नासाच्या आतली, पंप हजारांत.
बसवताना पाइपचं टोक काटकोनात कापायचं, गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं (लायटर लावू नका, पीव्हीसी जळतं), ग्रीस नको, साबणाचं पाणी चालेल. क्लिप आधी पाइपात ओवायची, नंतर आठवते ती वेगळी. निपलवरचे कंगोरे सगळे आत गेले पाहिजेत आणि क्लिप शेवटच्या कंगोऱ्याच्या मागे, पाइपच्या टोकापासून चारेक मिमी आत. टोकावर लावली तर ती पाइप आवळतच नाही, नुसती घसरते. ओढणाऱ्या बाजूला दोन लावा, एकीचा स्क्रू वर आणि दुसरीचा खाली, कारण स्क्रूची डबी असते त्या जागी पट्टी नीट गोल दाबत नाही. दुसऱ्या दिवशी परत पाव-अर्धा आटा आवळा, नवं पीव्हीसी दाबून बसतं आणि क्लिप आपोआप सैल होते.

मोजपट्टी:
एक ऑफटॉपिक. जुबलीचं अनेकवचन काय करता? आमच्याकडे सरळ 'दोन जुबल्या द्या'.

गॅरेजवाला:
जुबल्याच. क्लिपचं 'क्लिपा' होतं, क्लॅम्प मात्र पुल्लिंगी, तो क्लॅम्प, दहा क्लॅम्प, क्लॅम्पा कुणी म्हणत नाही. शेवाळवाले, तुम्ही १६-२७ च्या दोन घ्या, डझन कशाला.