एका पोस्टकार्डावर तीन वेळा ‘ता.’

श्रुती: गावच्या घरी माळ्यावर आजोबांचं कार्ड सापडलं, १९६८ चं. फोटो टाकलाय. वर ‘ता. ९’, पत्त्यात गावापुढे परत ‘ता.’ आणि खाली ‘ता.क.’. तिन्ही एकच का?

नंदाआत्या: नाही गं बाळा. वरचं तारीख, पत्त्यातलं तालुका, खालचं ताजा कलम. आम्हाला शाळेत पत्रलेखनात हे सगळं तोंडपाठ करून घ्यायचे.

विजयकाका: आणि तिन्ही आले अरबी-फारसीतून. तारीख अरबी. ‘तवारीख’ म्हणजे इतिहास, तो त्याच घरातला. तालुकाही अरबीच, मुळात ‘जोडलेलं असणं’. हिंदीत ‘कोई ताल्लुक नहीं’ म्हणतात ना, तोच हा शब्द. मुख्य ठाण्याला जोडलेला मुलूख तो तालुका. ताजा मात्र फारसी.

श्रुती: मग मु.पो. आणि जि.?

विजयकाका: मुक्काम अरबी, जिल्हा अरबी, पोस्ट इंग्रजी. अख्ख्या पत्त्यात आपलं म्हणावं असं गावाचं नाव तेवढं!

नंदाआत्या: अहो पण मायना बघा की. ‘ती. दादांस शि.सा.न.वि.वि.’ तीर्थरूप, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. हे सगळं संस्कृताच्या वळणाचं. शेवटी ‘क.लो.अ.’, कळावे, लोभ असावा. एवढ्याशा कार्डावर पूर्ण कुठे लिहित बसणार? मला तर ‘क.लो.अ.’ वाचलं की अजून गलबलतं.

रोहन: काका, आता सगळीकडे ‘दि.’ लिहितात. ‘ता.’ का गेलं?

विजयकाका: दिनांक. सावरकरांच्या भाषाशुद्धीमुळे तो रुळला. त्याआधी शिवाजी महाराजांनीही राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द म्हणून. पण तालुका आणि जिल्हा कुणाला हलवता आले नाहीत. माझ्या मते ते आता मराठीच आहेत.

रोहन: पिनकोड नाही दिसत?

नंदाआत्या: तो आला १५ ऑगस्ट १९७२ ला. तोवर सगळी भिस्त ‘ता.’ आणि ‘जि.’ वर. वडगाव म्हटलं तर किती वडगावं! तालुका राहिला की कार्ड भलत्याच वडगावात जायचं. मला पत्ता लिहायला बसवलं की आबा मागे उभे राहून बघायचे, ‘ता.’ लिहिलंस का म्हणून.

श्रुती: ताजा कलम म्हणजे नवीन पेन?

विजयकाका: लेखणी हा अर्थ आहेच, पण इथे कलम म्हणजे बाब. कायद्याचं कलम म्हणतो तसं. पत्र पुरं झालं, सही झाली, मग आठवलेली बाब ताजी म्हणून खाली जोडायची.

नंदाआत्या: या कार्डात लेखणीही ताजीच आहे हो. फोटो मोठा करून बघा. पत्र काळ्या शाईत, ता.क. निळ्या. कार्ड टाकायला निघाले असतील आणि वाटेत कुणाचं तरी पेन मागून घेतलं असेल.

श्रुती: हो की! पण कडेला आडवं लिहिलंय, मला लागत नाहीये. काय आहे?

नंदाआत्या: थांब, चष्मा लावते.

नंदाआत्या: ‘ता.क. कपिला आज पहाटे व्याली. कालवड आहे. दोघी सुखरूप.’